धुऱ्यावरची अकरा झाडं

बेलखेडा, ता. चांदूर बाजार
दि. १४ जानेवारी २०२५

प्रिय नईमा,

सुभद्राचा नमस्कार. नियाजभाऊंना सलाम सांगजो, अमरीनले आशीर्वाद. आमी बरे आहोत, तुमी बरे असान असं धरून चालते.

पत्र पाहून हसू नको. तुले फोन लावला का तू नुसती हॅलो हॅलो करतेस. मग नियाजभाऊ स्पीकर लावतात, अन् माह्यं बोलणं तुह्या गल्लीतला टेलर ऐकते. तुह्या कानाचं यंत्र डब्यात पडून आहे हे अमरीननं मले सांगतलं. म्हणून वहीची पानं फाडली. चौथीनंतर एवढं लांब पहिल्यांदा लिहून राहिली. चुका सुधारून वाच, सातवी पास झाली ना तू.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात लाकडाचा व्यापारी पंजाबराव आमच्या दारात आला. बरडावरचा सागवान त्याले उभाच्या उभा पाहिजे, माह्याही अन् तुह्याही. तो म्हणे तुह्या भावानं, दानिशनं, तुह्या वाटचा होकार देऊन टाकला, आपा सही करते म्हणे. होळीच्या आत तोड करायची आहे, कारण धारणीकडचे तोडणारे मजूर होळीले गावी जातात अन् मग पंधरा दिवस कोणाचं ऐकत नाहीत. मी त्याले म्हटलं, चहा पी अन् चालता हो. त्यानं चहा पेला, पण चालता व्हायले लय वेळ लावला.

तू खरंच होकार देल्ला का? मले सरळ सांग. वाटणीत भावांनी काळी जमीन घेतली अन् आपल्या दोघींच्या पदरात बरड टाकली. त्या दगडात आपल्या दोघींच्या बापांनी सोबत लावलेला सागवान उभा झाला, तवापासून ते दगड साऱ्यांले गोड लागून राहिले.

दुसरी गोठ. अमरावतीच्या एका संस्थेची पोट्टी गावात आली, आचल नावाची, सारे मॅडम म्हणतात. ज्या बायांच्या नावावरच्या जमिनीत झाडं आहेत त्यांचा, अन् तशाच मुसलमान खातेदारांचा, ती वर्ग घेणार. झाड कसं मोजावं, कधी तोडावं, कागद कसा करावा, हे शिकवणार. म्हणे आजवर झाडाची जेवढी शिबिरं झाली त्यात या दोघांतलं कोणी दिसलंच नाही. मी म्हटलं दिसतील कशे, नोटीस पारावर लावता अन् पारावर आमी बसत नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. तवाच मले कळलं का ही पोट्टी माह्या मागं लागणार. सातबाऱ्यावरून तिनं त्रेचाळीस नावं काढली, त्यात माह्यंही अन् तुह्यंही आहे. इकडं तूर सोंगायची पडली अन् मी वर्गात बसू.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नको. कमी मात्र करशील तर अकोल्याले येऊन भांडीन.

तुह्यी
सुभद्रा


अकोला
दि. २२ जानेवारी २०२५

माझी सुभद्रा,

सलाम आणि सप्रेम नमस्कार. सूर्यभानभाऊंना सलाम. तुझं पत्र मिळालं. वाचताना तुझा आवाज अगदी साफ ऐकू आला, यंत्राची गरज पडली नाही.

विचारलंस ते सांगते. दानिश मागच्या रविवारी आला होता. दर वर्षीप्रमाणे नवी तूरडाळ आणली, संत्री आणली, आणि डाळीच्या पिशवीशेजारी पंजाबरावचा कागद ठेवला. तो म्हणतो झाडं किडली आहेत, पावसाळ्यात पानांची नुसती जाळी होते, दोन वर्षांत खोडंही पोकळ होतील. आत्ता विकली तर काहीतरी हाती येईल. मी अजून सही केलेली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. नियाज म्हणतात जमीन तुझी आहे, तूच बघ. असं म्हणून ते दुकानात जातात, गाद्या भरत बसतात, आणि बघायचं सगळं माझ्याकडे राहतं.

सुभद्रा, दानिश वाईट नाही. अब्बा गेल्यावर त्याने मला कधी परकं केलं नाही. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्याच्या घरून येतो, मग आमच्या घरचा आम्ही खातो. मी सही केली नाही तर तो भांडणार नाही. फक्त येणं कमी करेल. मला भीती तेवढीच आहे, आणि ती मोठी आहे. माहेर म्हणून आता तोच एक माणूस उरला. शिवाय जूनमध्ये अमरीनला नर्सिंगला घालायचं आहे. म्हणून होळीच्या आधी सही करून टाकावी असं मनात आहे.

मला झाडांची अक्कल नाही. तुलाही नाही, फक्त तू ते कबूल करत नाहीस. तू त्या वर्गाला माझ्याही वाटचं जा. तुझं पत्र येईपर्यंत मी पंजाबरावच्या कागदाला पेन लावणार नाही.

एक सांगून ठेवते. काही झालं तरी आपल्या दोन बरडांच्या मधल्या बांधावरची, धुऱ्यावरची अकरा झाडं तू ठेव. अब्बा नेहमी म्हणायचे, धुरा तुझ्या बाबांचा, पुंजाजीचा आहे.

दुआ करत राहा, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी
नईमा


बेलखेडा
दि. १० फेब्रुवारी २०२५

नईमाबाई सातवी पास यांले,

चौथी पास सुभद्राचा नमस्कार. घरची मंडळी बरी असतीलच. तूर घरात आली, हात सालटले, आता लिहायले सवड आहे.

वर्गाले गेली. पहिला वर्ग ग्रामपंचायतीत भरला, तोही शुक्रवारी दुपारी. बाया आल्या पाच, अन् खुर्च्यांवर माणसं बसले नऊ. मॅडमनं मैनाबाईले इचारलं, जमीन कोणाची. मैनाबाई म्हणे, यांची. सातबारा पाहिला तर नाव मैनाबाईचं. तिचे हे शेजारीच बसून पंख्याकडं पाहत होते. मैनाबाईले स्वतःलेच पटेना, दोनदा वाचून घेतलं.

वर्ग सुटल्यावर मी मॅडमले सांगतलं, शुक्रवारी नमाजच्या वेळी मोहल्ल्यातली बाई घरून निघन कशी. अन् या हॉलमध्ये बायांचं डोकं झाकल्या जाते अन् तोंडही झाकल्या जाते. वर्ग माह्या बरडावर घे, सकाळी घे, अन् माणसांले सांग का बसायले खुर्च्या नाहीत. पोट्टी समजदार आहे, वाईट नाही वाटू देल्लं. मोहल्ल्यात मी स्वतः गेली. नाजियाच्या सासूनं इचारलं, तिथं शिकून काय करते ही. मी म्हटलं, तेच पाहायले तुमीही चला. ती बुढी सर्वांच्या आधी येऊन चांगल्या दगडावर बसली. सोळा बाया झाल्या, त्यात सहा मोहल्ल्यातल्या.

आता शिकली ते सांगते. मॅडम म्हणे, झाडाले छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळा, तो त्याचा घेर. मी गुंडाळली, चांगला जाड भरला. त्याच झाडाले नाजियानं गुंडाळली तर बारीक. आमचं भांडण लागलं. मंग नाजियाच्या सासूनं सांगतलं, ही उंच, ही बुटकी, बुटकीच्या छातीशी बुंधा जाड राहीन नाही तर काय. सूर्यभान बांधावर उभे होते, ते आठ दिवस हसले. मॅडमनं मंग साऱ्यांले साडेचार फुटाची एकच काठी देल्ली, का सर्वांची छाती आता ही. काठी हातात आली तवा मले आठवलं, पंजाबरावचा माणूस जानेवारीत आमची झाडं मोजून गेला तवा दोरी डोक्याच्या वर हात करून धरत होता. मी समजली उंच आहे बिचारा.

किडीचं ऐक. सागाच्या पानाची पावसाळ्यात जाळी होतेच. ती अळी पान खाते, खोडाले हात लावत नाही, अन् झाड पुन्हा नवं पान काढते. खोड पाहायचं तर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचं. तुह्या बरडावरची मी सारी ठोकली, एकाहत्तर. दोन पोकळ बोलली, बाकी भरीव. दानिश खोटं नाही बोलला, त्यानं पानं पाहिली अन् खोड पाहिलंच नाही. मॅडम म्हणते दाटीतली बारीक झाडं आता काढा, जाड झाडांले उजेड मिळू द्या अन् अजून पंधरा वर्षं उभी ठेवा. बारकी विकून अमरीनचं पहिलं वर्ष निघते, मी इचारून घेतलं.

आता धुरा. परवानगी मिळते ती सातबाऱ्यावर नोंद असलेल्या झाडाची. माह्या सातबाऱ्यावर शहाऐंशी, तुह्यावर एकाहत्तर. धुऱ्यावरची अकरा कुठंच नाहीत. ना तुह्यात ना माह्यात. तलाठ्यासोबत फिरणारा जुना कोतवाल खुशालराव अजून आहे, त्याले इचारलं. तो म्हणे, नोंद करायले आमी गेलो तर पुंजाजी म्हणे ही झाडं गुलफामभाईची लिहा. गुलफामभाईकडं गेलो तर ते म्हणे पुंजाजीची लिहा. दोनदा या बांधावरून त्या बांधावर गेलो, तलाठ्याले भूक लागली, त्यानं रकाना कोरा सोडला अन् जेवायले गेला. आपल्या बापांचा लिहाज एवढा वाढला का झाडंच बेवारशी झाली. अन् नईमा, दोन्हीकडून उजेड लागल्यानं तीच सर्वांत जाड आहेत. पंजाबरावचा कागद शेवटपर्यंत वाच, धुऱ्याचं काय लिहिलं ते पाय. कागदावर नसलेलं झाड गेलं तर आपण ओरडणार कोणत्या तोंडानं.

सही करू नको. अन् ती अकरा झाडं तुह्यी आहेत. बाबा मरेपर्यंत म्हणत, धुरा गुलफामचा. मी आजच तलाठ्याकडं तसा अर्ज देते. वाद घालू नको.

माह्यावर माया असू दे, अन् मनगटात जरा जोर.

सुभद्रा


अकोला
दि. २१ फेब्रुवारी २०२५

माझी सुभद्रा,

सलाम, नमस्कार. तुझ्या सोळा बायांना माझा सलाम, नाजियाच्या सासूला वेगळा.

कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात आहे, धुऱ्यासकट. ती ओळ मी तीन वेळा वाचली आणि कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला.

काल दानिश आला. मी यंत्र कानाला लावलं, म्हटलं आज काही अर्धवट ऐकायला नको. मग सांगितलं की मी सही करणार नाही, झाडं किडलेली नाहीत, आणि बारीक झाडं मी माझ्या हिशोबाने काढीन. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला, पण तो यंत्राचा दोष असेल. तो पाणी प्यायला आणि निघाला. मी खिचडी टाकली होती, ती तशीच राहिली. नियाज म्हणाले, बरं केलंस. मला मात्र बरं वाटत नाही. रमजान आठ-नऊ दिवसांवर आला. दर वर्षी चाँद दिसला की त्याचा फोन येतो. या वर्षी येतो की नाही कोण जाणे.

धुऱ्यासाठी तू वाद घालू नको म्हणालीस, पण तुला उशीर झाला. सही करावी लागलीच तर धुरा तरी वाचावा म्हणून मी बारा तारखेलाच रजिस्टर पोस्टाने तलाठ्याला अर्ज पाठवला, की अकरा झाडं सुभद्रा सूर्यभान यांची आहेत, त्यांच्या नावे नोंद व्हावी. तुझं पत्र मला चौदाला मिळालं. अब्बांचा शब्द आहे, तो मी कसा मोडू. आता तू तुझा अर्ज मागे घे.

तुझ्या मायेवर भरोसा ठेवून आहे, तो सध्या फार कामी येतो आहे.

नईमा


बेलखेडा
दि. ८ मार्च २०२५

नईमा,

नमस्कार अन् रमजान मुबारक. रोजे झेपत असतील, झेपले नाही तर कोणाले सांगणार नाहीस हे मले माहीत आहे.

तुह्या अर्जानं माह्यी फजिती केली. तलाठ्यानं मले बोलावलं. टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी. झाडं तीच अकरा. माह्या अर्जात मालक तू, तुह्या अर्जात मालक मी. तो म्हणे, बाई, माह्या नोकरीत धुऱ्याच्या झाडापायी डोकी फुटलेली पाहिली, माह्यं माह्यं म्हणणारे रोज येतात. तिचं तिचं म्हणणाऱ्या दोघी पहिल्यांदा पाहतो, यात डाव काय आहे ते सांगा. मी म्हटलं डाव नाही, आमच्या बापांचं वळण आहे. त्याले ते पटलं नाही. आचल मॅडम तिथंच होती, हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मंग डोळे पुसून म्हणे, मावशी, तुमी दोघींनी असंच चालवलं तर तिसरी पिढीही रकाना कोराच ठेवन, अन् तवर पंजाबराव थांबणार नाही. ते खरं आहे.

ठरलं असं. दोघी मालकिणी समोर पाहिजेत, पंचनामा होईल, झाडं वाटून नावावर चढतील. तारीख पाच एप्रिल. ईद झाल्यावर निघून येजो. अकोल्याहून अमरावती, तिथून चांदूर बाजारची एसटी. ष्टँडवर मी राहीन. यंत्र लावून येजो, मी बाजारात ओरडणार नाही.

अजून एक. दानिश मले बाजारात भेटला. मले पाहून दुसऱ्या गल्लीत वळत होता. मी त्याले हाताले धरून बरडावर नेलं अन् कुऱ्हाड देल्ली, म्हटलं पाठीनं ठोक अन् कान दे. त्यानं तेरा झाडं ठोकली. पहिल्या चारले जोरात, नंतर हळू. चौदाव्या झाडापाशी खाली बसला. तुह्यावर त्याले राग नाही, हे मी तुले लिहून देते. पंजाबरावले शब्द देऊन बसला त्याची लाज वाटून राहिली. मी इचारलं, दुसरीच्या झाडावर शब्द देल्लाच काहून. तर म्हणे, आपानं आजवर मले कशालेच नाही म्हटलं नाही, म्हणून इचारायचं लक्षातच आलं नाही. आता तूच सांग, यात चूक एकट्या त्याची का तुह्यीही. मी त्याले घरी आणून इफ्तारचे खजूर बांधून देल्ले. तिकडं जा असं मी त्याले म्हटलं नाही. तो येईन तर स्वतःच्या पायानं येऊ दे.

ईदले वाट पाय, पण दारात उभी राहून नको पाहू.

ओढ असू दे. पाच तारीख लिहून ठेव.

सुभद्रा


अकोला
दि. १ एप्रिल २०२५

माझी सुभद्रा,

ईदचा सलाम. सूर्यभानभाऊंना ईद मुबारक.

काल ईद झाली. सकाळी नियाज ईदगाहवरून आले, शेजारी येऊन गेले, अमरीनने सगळ्यांना वाट्या दिल्या. मी वाटी घेतली नाही. म्हटलं भूक नाही. अमरीनला कळलं होतं, तिने माझी वाटी झाकून ठेवली. तू सांगितलंस म्हणून दारात उभी राहिले नाही, खिडकीत उभी राहिले.

साडेबाराला दानिश आला. एका हातात शीरखुर्म्याचा डबा, दुसऱ्या हातात काठी. साडेचार फुटाची, साल काढून गुळगुळीत केलेली. एसटीत कंडक्टरने विचारलं म्हणे, ईदच्या दिवशी काठी घेऊन कुठं, तर याने सांगितलं, बहिणीकडे. कंडक्टरने त्याला पुढच्या सीटवर आपल्या नजरेसमोर बसवलं. हे सांगताना तो स्वतःच हसला, आणि मग मलाही हसू आलं.

त्याने पंजाबरावचा कागद परत मागितला. मी पिठाच्या डब्याखालून काढून दिला. त्याने खिशात ठेवला आणि म्हणाला, मी परत करून येतो, बोलणी खाईन. मग म्हणाला, आपा, पाचला टेपचं एक टोक कोणी तरी धरायला लागेल. मी म्हटलं, विचारून धरशील तर धर. त्याने विचारलं. मग मी वाटी घेतली.

चार तारखेला निघते. तुझ्या हातची मिरचीची भाजी कर, पण माझ्या वाटची वेगळी काढ, मला आता तेवढं तिखट चालत नाही.

जीव लावतेस तो असाच लाव.

नईमा


बेलखेडा
दि. १४ एप्रिल २०२५

प्रिय नईमा,

नमस्कार. पोचल्याचं अमरीननं कळवलं, नाही तर तू कळवणार नव्हती. तुह्या यंत्राचा डबा इथंच राहिला, चुलीवरच्या फळीवर आहे. यंत्र कानात होतं म्हणून डबा विसरली, यात मले आनंद आहे.

तू गेल्यावर वर्गात तुह्यीच गोठ चालते. नाल्याकडची पाच तुह्यी, रस्त्याकडची पाच माह्यी, इथपर्यंत ठीक होतं. मधल्या सहाव्यावर तलाठ्यानं पेन उचललं अन् आपण दोघी एका दमात हिचं म्हणालो, तवा त्यानं पेन खाली ठेवलं ते मैनाबाई आता साऱ्यांले करून दाखवते. दानिश मधात आला नसता तर हा तलाठीही रकाना कोरा सोडून जेवायले गेला असता. दोघींचं लिहा, नाही तर माह्यं लिहा, असं दानिशनं म्हटलं अन् तलाठ्यानं घाईघाईत दोघींची नावं लिहिली. काल मी उतारा काढून आणला. तीस वर्षांचा कोरा रकाना भरला. नईमा अन् सुभद्रा, एका ओळीत. तुह्यं नाव आधी आहे, मी तलाठ्याले काही बोलली नाही.

बारक्या झाडांच्या तोडीचा अर्ज तुह्या सहीनं गेला. मॅडम म्हणते अमरीनच्या प्रवेशाच्या आत परवानगी यायले पाहिजे. नाही आली तर मी जाऊन कचेरीत बसते, मले बसायची सवय लागली आता. पंजाबराव काल रस्त्यात भेटला. दानिशनं कागद परत केल्यापासून तो नमस्कार आधी करते. मैनाबाईच्या वावरात तो दोरी घेऊन गेला होता, तर मैनाबाईनं काठी पुढं केली अन् सांगतलं, छाती ही धरा. जमीन कोणाची, हे त्यानं इचारलं नाही तरी तिनं सांगतलं.

वर्गात आता सव्वीस बाया आहेत. दानिश दर बाजारी टेप घेऊन येते. बायांचा वर्ग आहे म्हणून त्याले आत घेत नाही, आमी बांधावर सूर्यभानजवळ बसवतो. बोलावलं का येते.

आज सकाळी मी एकटीच धुऱ्यावर गेली. मधल्या झाडाले काठी लावली, घेर वहीत लिहिला, अन् मंग कोणी पाहत नाही असं पाहून कव घातली. अजून माह्या एकटीच्या कवेत मावते, पल्याडून बोटं बोटाले टेकतात. पंधरा वर्षांनी मावणार नाही. तवा तू तुह्या बाजूनं धरजो.

डबा घ्यायले येजो. लोभाचं काही लिहीत नाही, तो सातबाऱ्यावर चढला.

तुह्यी
सुभद्रा